जुनी एअर रायफल घेताय? आधी सिलेंडर फिरवून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक नववीत आहे, दीड वर्ष नेमबाजीच्या रेंजवरच्या रायफलीवर दहा मीटरचा प्रकार खेळते आहे, कोच आता स्वतःची घ्या म्हणतात आणि झाशीच्या एका मुलाची जर्मन रायफल निम्म्या किमतीत मिळते आहे. शिवाय 'दोन सिलेंडर फ्री' (म्हणजे रायफलीला लागणारे हवेचे सिलेंडर, त्यांतल्या दाबानं गोळी सुटते). हे 'दोन सिलेंडर फ्री' वाचलं आणि माझा घास हातातच राहिला. कारण हेच तीन शब्द ऐकून मी एकदा हुरळलो होतो.

कुठली कंपनी चांगली, कुठल्या रेंजवर नाव घालावं, सरावाला वेळ किती द्यावा, हे सगळं कोच सांगतील. ते मी सोडून देतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी ना नेमबाज, ना वकील, ना दुकानदार. बँकेतून निवृत्त झालेला, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जनकगंजकडे राहणारा एका नेमबाज मुलीचा बाप, एवढीच माझी लायकी. नियमाची गोष्ट आली की ताजी प्रत बघा, माझ्या आठवणीवर पैसे लावू नका.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही रायफल घेतली. लेक तेव्हा अकरावीत. विकणारा मुलगा इंजिनिअरिंगला चालला होता, ओळखीतून ओळख निघाली, घर सुशिक्षित, आईनं पोहे केले. रायफल दिसायला नवी कोरी. बटप्लेट, साइट, पेटी, सगळं जागच्या जागी. मी नळी बघितली (बघून मला काय कळणार होतं, पण बघितली), लेकीनं दहा गोळ्या मारल्या, सगळ्या एका भोकात. एक लाख दहा हजार रोख मोजले. पावती मागायची लाज वाटली. पोहे खाल्ल्यावर पावती कशी मागणार!

ताई, सव्वीस वर्षं मी काउंटरवर बसून चेकची तारीख आधी बघायचो, रक्कम नंतर. मुदत उलटलेला एक चेक माझ्या हातून पास झाला नाही. आणि त्या सिलेंडरवर ठोकलेली तारीख मी बघितली नाही. म्हणजे तिथे तारीख असते हेच मला ठाऊक नव्हतं. वर कुठल्या तरी स्पर्धेचा गोल स्टिकर होता, त्याच्या अर्ध्याखाली ती तारीख.

पुढचे चार महिने छान गेले. रेंजवर तोच सिलेंडर रोज भरला जायचा. भरणाऱ्यानं बघितलं नाही, कोचनं बघितलं नाही, मोठी मुलं येऊन रायफल हाताळून गेली, त्यांनीही नाही. लेकीचा स्कोअर साठ गोळ्यांना ६०४ च्या आसपास बसायला लागला होता. मग भोपाळची स्पर्धा आली. आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोल, म्हणजे खेळाडूंच्या सामानाची तपासणी. जॅकेटचा ताठरपणा मोजला, पास. रायफलीचं वजन मोजलं, साडेपाच किलोच्या आत, पास. मग त्या गृहस्थांनी सिलेंडर काढून हातात घेतला, नखानं स्टिकर खरवडला, टॉर्च मारली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, इसकी तो डेट निकल गई."

२००८. दोन्ही सिलेंडर एकाच महिन्याचे. फ्री का होते ते तेव्हा कळलं.

नियम असा आहे की हवेच्या सिलेंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि तो मुदतीत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी खेळाडूची. आयोजकांची नाही, कोचची नाही. आयोजक तपासू शकतात, तपासतीलच असं नाही. म्हणून तर गल्लीतल्या स्पर्धेत कुणी विचारत नाही आणि नेमकं मोठ्या ठिकाणी अडतं. ही दहा वर्षं बनवल्याच्या तारखेपासून मोजायची, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. आणि गोंधळ असा की काही सिलेंडरवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं, काहींवर थेट मुदत संपायची तारीख. कुठली आहे ते नीट वाचा. नाहीतर २०१९ ही मुदत संपायची तारीख असताना बनवल्याची समजून खूश व्हाल, किंवा बनवल्याची असताना मुदत संपली समजून उगाच घाबराल.

मला आधी वाटलं, हे कंपन्यांचे धंदे, नवा माल खपवायचे. मग एका फौजी गृहस्थांनी समजावलं. आत दोनशे बारचा दाब, काहींत तीनशेचा. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे-तीनशे पट. प्रत्येक वेळी भरताना धातू किंचित ताणला जातो, रिकामा होताना सैल पडतो. वर्षानुवर्षं हे चाललं की धातू थकतो, आणि तो थकलाय हे बाहेरून दिसत नाही. गॅसच्या टाकीसारखी टेस्टिंग करून मुदत वाढवता येईल का म्हणून मी दोन ठिकाणी हिंडलो. कंपनीचं म्हणणं सरळ आहे: दहा वर्षं झाली, वापर बंद. आणि खरं सांगू, पोरीच्या डाव्या हाताशेजारी असलेल्या वस्तूवर मला जुगाड नकोच होता.

त्या दिवशी धावाधाव केली. एका मुलीच्या वडिलांनी मोठ्या मनानं आपला जादा सिलेंडर दिला, तर आटे जुळेनात. कंपनी वेगळी, आटे वेगळे. शेवटी एक जुनी रायफल उसनी मिळाली, सहा फुटी मुलासाठी बसवलेली. बट कमी करून, चीकपीस (गाल टेकायचा भाग) खाली आणून, लेकीनं साठ गोळ्या मारल्या. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ताई. परक्या बटावर गाल नीट टेकला नाही की ठिपका गेलाच. ५८८ पूर्णांक काहीतरी. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. बीना गेलं, ललितपूर गेलं. झाशीला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "बाबा, पावती तरी घेतली होती ना?"

नव्हती. विकणाऱ्या मुलाच्या वडिलांनी फोनवर "आम्हीही जुनीच घेतली होती हो" म्हणून हात वर केले, आणि ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. रायफल तिसऱ्या हातात आली होती, माहिती मात्र पहिल्या हातातच राहिली.

आता खरा मनस्ताप. नवा सिलेंडर. एका मोठ्या शहरातल्या आयातदाराकडे (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) आगाऊ पैसे भरले, सव्वीस हजार. मग सुरू झालं "माल पोर्टवर आहे", "कस्टममध्ये आहे", "सर, सोमवारी". किती सोमवार गेले मोजले नाहीत, साडेचार महिने गेले एवढं आठवतं. आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवा म्हणे, कुरिअर तुमच्या खर्चानं. मी आयुष्यात ग्राहकावर आवाज चढवला नाही, त्या दिवशी ग्राहक म्हणून चढवला. मधल्या काळात लेक पुन्हा रेंजच्या रायफलीवर, आणि लाखाची रायफल दिवाणखान्यात सोफ्यामागे. म्हणून हिशेब असा करा की जुन्या रायफलीची खरी किंमत म्हणजे तिची किंमत अधिक एक नवा सिलेंडर, आणि तो सिलेंडर मिळेपर्यंतचे महिने. तुमच्या झाशीच्या रायफलीत हे मिळवलं तर 'निम्मी किंमत' कितपत निम्मी राहते बघा.

रायफल चार-पाच वर्षं वापरलेली आहे असं ते म्हणतात. वापरलेली चार वर्षं असेल, बनलेली कधी? दोन्ही वेगळे प्रश्न आहेत.

बाकी तपासण्या झटपट सांगतो. सिलेंडर पूर्ण भरून लावा, दाब दाखवणाऱ्या गेजचा फोटो काढा, रात्रभर ठेवा, सकाळी परत फोटो. काटा खाली आला तर कुठेतरी सील गेलंय. सील बदलणं मोठं नाही, पण किंमत पाडायला उपयोगी. दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे घेऊन टेकू देऊन ग्रुप काढा, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते बघा. एका नळीला एक लॉट मानवतो, दुसरीला दुसरा, त्यामुळे एका डब्यावरून नळीला नावं ठेवू नका. फिलिंगचा अडॅप्टर (सिलेंडर भरताना लागणारा जोड) रायफलीबरोबर मागून घ्या, तो नंतर शोधायला जीव जातो. पावती, साध्या कागदावर का होईना, रायफलीचा नंबर आणि दोघांच्या सह्या घालून. पोहे खाण्याआधी.

आणि एक गोष्ट जी मी खरोखर ऐकली आहे म्हणून लिहितो: रेंजचा कॉम्प्रेसर बंद होता तेव्हा एका सद्गृहस्थांनी वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणायचा सल्ला दिला. कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतला तेलाचा अंश एकत्र आले तर स्फोट होतो. कोरडी, साधी हवा. पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरच्या टाकीतून किंवा कॉम्प्रेसरवरून, सावकाश. बस.

आपल्या ग्वाल्हेरचा एक त्रास वेगळा. इथे गल्लोगल्ली बंदुकीचे जाणकार. महाराज बाड्याच्या चौकात चहा प्यायला थांबा, चार जण दुनळीवर प्रवचन देतील. आमच्याकडे ही रायफल आली तेव्हा शेजारचे भाईसाहेब बघायला आले, उचलली, म्हणाले, "इसमें दम क्या है?" दम नाहीच तिच्यात. गोळी सेकंदाला साधारण १७० मीटरनं जाते, साडेसात ज्यूलची. यांना विचारून मॅच रायफल घेऊ नका. या लोकांना बंदूक म्हणजे खांदा आणि मिशी, आपल्याला अर्धा मिलिमीटर.

अशाच एका जाणकारानं तुमच्या मिस्टरांना 'त्यापेक्षा २२ नंबरची एअरगन घ्या, स्वस्त आणि जोरदार' असं सुचवलंय ना? नको. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तरच लायसन्स लागत नाही. २२ नंबर म्हणजे साडेपाच मिलिमीटर, ती लायसन्सात गेली. जुन्या काळी आपण पेपरात जाहिरात बघून मागवायचो, ते दिवस गेले. शिवाय दहा मीटरच्या स्पर्धेत ती चालतच नाही. आणि गच्चीवरून कबुतरं-माकडं हा विषय काढूच नका, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे.

स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, तेव्हापासून आपल्या घरांतून हे प्रश्न फार यायला लागलेत, चांगलं आहे. पण त्याची ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे .२२ ची काडतुसाची रायफल. ती बंदूकच, लायसन्सशिवाय नाही. लेक तिथे जाईल तेव्हा जाईल. नववीतल्या मुलीला आत्ता कुणी 'थेट पॉइंट टू टू घ्या' म्हणालं तर मान डोलवा आणि घरी या. माझं मत तर असं की पहिलं वर्ष पैसे रायफलीत घालूच नका, मापाचं जॅकेट, ट्राउझर आणि बूट घ्या. लोक उलटं करतात. (यावर इथले काही जण माझ्याशी भांडतील. भांडोत.)

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय, सासऱ्यांची बारा बोअरची दुनळी घरात आहे, त्यांचं वय ७८, ती नातीच्या नावावर करता येईल का. नातीच्या नाही, तिचं वय २१ नाही. पण धारकाचं वय सत्तरच्या पुढे असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलेलं असेल तर हयातीतच वारसाला द्यायची सोय आहे, तेव्हा मिस्टरांनी अर्ज करावा. सासरे हिंडते-फिरते आहेत तोवर करा. नंतर ती आधी ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावी लागते आणि मग खेपा सुरू होतात. घरात आणखी बंदुका असतील तर मोजून घ्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनच्या जागी दोनच. लायसन्सची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली, तेवढीच दया. आमच्या भावानं असा अर्ज केला तेव्हा एका टेबलावर फाइल सात महिने बसली, कारण अर्जात आजोबांचं नाव 'गणपत' आणि जुन्या पुस्तिकेत 'गनपत'. त्यावर मी वेगळं लिहीन, आत्ता बीपी वाढेल. २०१९ मध्येच आपल्याकडे अर्जदारानं आधी दहा झाडं लावून फोटो द्यावा असंही निघालं होतं. मला ते पटलं होतं. फाइल हलली नाही तरी झाड वाढतं.

तर झाशीला रविवारी जायच्या आधी त्या मुलाला आज रात्रीच मेसेज करा: दोन्ही सिलेंडरचे फोटो हवेत, स्टिकर काढून, तारीख आणि दाबाचा आकडा स्पष्ट दिसेल असे. रायफलीचा फोटो नको म्हणावं, तो सगळे छानच पाठवतात. आले की इथे टाका. मुदतीला दोन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर किमतीचं काय बोलायचं ते आपण शनिवारी ठरवू, मी संध्याकाळी घरीच आहे.