गुगलमध्ये वर येण्यासाठी ब्लॉगवर आठवड्याला किती लेख टाकावेत?

ठरावीक असा आकडा नाही. आठवड्याला एक लेख नीट जमत असेल तर तेवढा पुरे, नाहीतर महिन्याला दोनच टाका. किती वेळा लिहिता यावर क्रमांक ठरत नाही, हे गुगलच्याच लोकांनी जाहीरपणे सांगितलं आहे. उलट मार्च २०२४ पासून, केवळ क्रमवारीसाठी ढिगाने लेख पाडणं हे त्यांच्या स्पॅम धोरणाचं उल्लंघन आहे. जास्त लेखांचा खरा फायदा एवढाच, की जास्त प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे सापडतात. तीच माहिती फिरवून लिहिलीत तर तुमचेच दोन लेख एकाच शोधासाठी एकमेकांच्या आड येतात. सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडून बघा: ‘क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स नाही’ (गुगलने पान वाचलं, पण शोधाच्या यादीत घेतलं नाही) या गटातली पानं वाढत असतील तर नवं लिहिणं थांबवा आणि जुने लेख सुधारा. सुधारा म्हणजे खरोखर सुधारा. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलू नका, गुगलच्या मार्गदर्शनात तेही खटकणाऱ्या गोष्टींमध्ये मोडतं. अपवाद बातम्या, खेळांचे निकाल, नवे फोन अशा विषयांचा. तिथे लोक ताजंच शोधतात, त्यामुळे वरचेवर लिहावं लागतं.