दहा टक्के मागताना हात आखडता घ्या

प्रश्न : चप्पल लाईनला माझं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. उलाढाल वर्षाला साठ-पासष्ट लाख. माल सुभाषनगरातल्या कारागिरांकडून घेतो, विकतो समोरच्या गिऱ्हाइकाला. दोन-चार पार्सलं बेंगळुरूला जातात. मध्यंतरी बॉक्सवाल्यानं रिटर्न भरलं नाही आणि माझं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलं. साहेब, हा जीएसटीचा पसारा गुंडाळून सगळ्याला सरसकट दहा टक्के लावून मोकळं का होत नाहीत?

उत्तर : दहा टक्के मागताना जरा हात आखडता घ्या. 900 रुपयांच्या जोडीवर 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 12 टक्क्यांनी 108 रुपये कर होता, आता 5 टक्क्यांनी 45 आहे. तुमच्या हिशेबानं तो 90 होईल. शाहू मार्केट यार्डातला सुट्टा गूळ आज करमुक्त आहे, त्यालाही दहा लागतील. न्यूझीलंडमध्ये 1986 पासून एकच दर आहे. तेव्हा 10 होता, आज 15, आणि भाजीपालाही त्यातून सुटत नाही. आपल्याकडंही 2009 साली तेराव्या वित्त आयोगाच्या कृतिगटानं केंद्राचे 5 आणि राज्याचे 7 असा एकच दर सुचवला होता. पण तुम्ही म्हणता तसे सरसकट, तांदळावरही दहा टक्के लावून कुठलं सरकार निवडणुकीला उभं राहील, सांगा!

तरी एका बाबतीत तुमचं खरं आहे. 2500 पर्यंतच्या जोडीला 5 टक्के, त्यावर गेलं की 18. म्हणजे 2500 वर कर 125 आणि 2600 वर 468. किंमत शंभरानं वाढली, गिऱ्हाइकाच्या खिशातून मात्र 443 जास्त गेले. असल्या पायऱ्या एका दरानं जातील.

पण बॉक्सवाल्याचं दुखणं दरानं जाणार नाही. त्यानं बिल पोर्टलवर चढवलं नाही तर तुमच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टल आपोआप तयार करतं त्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसत नाही आणि क्रेडिट मिळत नाही. दर पाच असो नाहीतर दहा, साखळी तीच. जकात नाक्यावरची ट्रकची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तरी बरं वाटतं, मी त्यांतलाच.

आता तुमच्या कामाचं बोलू. तुमच्यासाठी सोपा कर कायद्यात आहेच : कंपोझिशन. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला 1 टक्का, चलन तिमाहीला, रिटर्न वर्षातून एकदा. त्यात क्रेडिट मिळत नाही, म्हणून लोक बिचकतात. पण तुमचे कारागीर बहुतेक 40 लाखांच्या आतले, नोंदणी नसलेले. त्यांच्याकडच्या मालावर क्रेडिट आजही नाहीच. मग सोडताय काय? बॉक्सचं आणि भाड्याचं, तेवढंच. गिऱ्हाईक घासाघीस करून करासकट हजाराला जोडी नेतं तेव्हा आज त्यातले साधारण 48 रुपये कराचे जातात. कंपोझिशनमध्ये 10 जातील. मात्र हे दहा तुमच्या पदरचे, बिलात वेगळा कर लावता येत नाही.

अडचण बेंगळुरूची. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही, एक जोडीसुद्धा नाही. त्या पार्सलांत वर्षाला सुटतं किती, ते आधी काढा. माझा अंदाज, ती बंद केलेली परवडतील. पुण्याच्या दुकानदारांना घाऊक माल द्यायचा बेत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. त्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणार नाही आणि तेवढा भाव ते पाडून मागतील.

जायचं ठरलं तर 31 मार्चपर्यंत सीएमपी-02 हा कंपोझिशनचा अर्ज भरा. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागेल, म्हणून त्या महिन्यात बॉक्सचा साठा करू नका. आणि दुकानात दिसेल अशा जागी कंपोझिशनची पाटी लावा. ती राहून गेली की तपासणीत पहिलं बोट तिथंच ठेवतात.