वाचकांचे प्रश्न : केबल सोडून छत्री लावावी काय?

प्रश्न : आमच्याकडे अकरा वर्षांपासून केबल आहे. गेल्या दीड वर्षात वर्गणी दोनदा वाढली, आणि दुसऱ्या वाढीची सूचना तर बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली होती. केबल तोडून डिश बसवावी, पहिल्या वर्षी जवळजवळ निम्मे पैसे वाचतील, असे मुलाचे म्हणणे आहे. घरात तीन टीव्ही आहेत आणि इंटरनेटही केबलच्याच तारेवरून येते. बदल करावा काय? – एक वाचक

उत्तर : चिरंजीवांचा हिशेब चुकीचा नाही, पण तो पहिल्या वर्षावरच थांबतो. नवा ग्राहक मिळवण्यासाठी दिलेला दर आणि तो ग्राहक स्थिरावल्यावर आकारला जाणारा दर यांत पुष्कळदा अंतर असते, आणि ते अंतर जाहिरातीत नव्हे, करारपत्राच्या अटींत सापडते. म्हणून तुलना करायची ती सलग चोवीस महिन्यांची. त्यात डिश, बॉक्स आणि बसवणावळ तर धराच, पण मुदतीआधी करार मोडल्यास पडणारा भुर्दंड आणि केबलवाल्याकडे अडकलेली बॉक्सची अनामत हेही धरा. या शेवटच्या दोन रकमा बहुतेक जण विसरतात.

त्याआधी मात्र केबलवाल्याला एक प्रश्न विचारा : वाढ नेमकी कशाची? मासिक वर्गणीचे ढोबळ मानाने दोन भाग असतात. एक भाग तार, यंत्रसामग्री आणि माणसे सांभाळण्याचा, तर दुसरा भाग वाहिन्यांच्या मालकांना प्रत्येक ग्राहकामागे द्यावा लागणारा. वाढ पहिल्या भागातली असेल तर डिशकडे वळण्यात अर्थ आहे. पण एखाद्या क्रीडावाहिनीने आपला दर चढवला म्हणून ती झाली असेल, तर तोच दर डिश कंपनीलाही भरावा लागणार आणि आज ना उद्या तो आपल्याच बिलात येणार. केबल आणि उपग्रह हे दोन वेगळे झरे आहेत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाणी एकाच विहिरीचे आहे. १९४८च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगन राज्यांत केबल सुरू झाली, ती डोंगराआडच्या घरांना टेकडीवरच्या एका उंच अँटेनाचे चित्र पोहोचवण्यासाठी. पुढे १९७५ साली एचबीओ या वाहिनीने मनिला येथील मुष्टियुद्धाचा सामना उपग्रहामार्फत केबलचालकांना पुरवला, आणि तेव्हापासून केबलचालकच उपग्रहाचा मोठा गिऱ्हाईक झाला. केबलच्या मुख्य केंद्रावर आजही मोठमोठ्या छत्र्या दिसतात त्या याचसाठी.

आता आपल्या घराविषयी. उपग्रह दूरचित्रवाणीचा मार्ग एकेरी आहे, म्हणजे वरून खाली चित्र येते, आपल्याकडून वर काही जात नाही. त्यामुळे इंटरनेटसाठी तार ठेवावीच लागेल, आणि टीव्हीपासून सुटे केलेले इंटरनेट बहुधा जोडीतल्यापेक्षा महाग पडते. हा आकडा केबलवाल्याकडून लेखी मागवून घ्या, कारण ठरलेली बचत अनेकदा याच ठिकाणी विरघळते.

तीन टीव्हींचा प्रश्न याहून अवघड आहे. केबलची एक तार घरात आली की स्प्लिटर लावून ती वाटता येते. दोन वाटे केले की प्रत्येक वाट्याला सिग्नल निम्म्याहून थोडा कमी येतो, पण काम भागते. छत्रीचे तसे नाही. छत्रीच्या पुढे दांड्यावर जो डबीसारखा भाग असतो, त्याला एलएनबी म्हणतात. तो उपग्रहाकडून आलेल्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ इतक्या खाली आणून तारेत सोडतो आणि त्याला वीज पुरवतो तो घरातला बॉक्स, त्याच तारेतून. ही वीज १३ व्होल्टची की १८ व्होल्टची, यावरून लहरींची उभी मांडणी घ्यायची की आडवी हे एलएनबीला कळते. साध्या स्प्लिटरने दोन टीव्ही एकाच तारेवर जोडले आणि बैठकीतल्या बॉक्सने १३ व आतल्या खोलीतल्या बॉक्सने १८ व्होल्ट दिले, तर एका खोलीत चित्र आणि दुसऱ्या खोलीत ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी, हे ठरलेले. म्हणून साध्या जोडणीत प्रत्येक टीव्हीसाठी छतापासून स्वतंत्र तार आणि अनेक तोंडांचा एलएनबी लागतो. एकाच तारेवर अनेक बॉक्स चालवणारी साधने मिळतात, पण बॉक्स त्या पद्धतीचा असावा लागतो. बसवणारा माणूस भिंतीला तीन भोके पाडणार आहे की एक, हे आधी विचारलेले बरे.

आणि सर्वांत आधी आकाश पाहा. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी स्थिर भासतात. विषुववृत्तापासून जितके दूर राहावे तितके ते क्षितिजाकडे झुकलेले असतात. शेजाऱ्याच्या छत्रीवरून दिशा कळते, मात्र उंचीचा अंदाज हमखास चुकतो, कारण घरगुती छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि अशी छत्री दिसते त्यापेक्षा वीसहून अधिक अंश वर पाहत असते. त्या रेषेत झाड असल्यास ते पानगळीत तपासू नका. पालवी फुटल्यावर तपासा. नुसती दोन-चार भिजलेली पानेसुद्धा पुरतात.

माझे मत विचाराल तर एकाच तारेवर इंटरनेट आणि तीन टीव्ही असताना लगेच छत्रीकडे धावू नये. न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचा संच कमी करून मागा, तिसऱ्या टीव्हीचा बॉक्स परत करा आणि आपण सोडून जाण्याच्या विचारात आहोत हे केबलवाल्याला स्पष्ट सांगा. दर वाढवताना जो ताठपणा असतो, तो जाणाऱ्या ग्राहकापुढे पुष्कळदा सैल पडतो. त्याने दाद दिली नाही, तर मुख्य टीव्हीपुरती छत्री घ्या; मात्र ती पंधरा दिवस नीट चालल्याशिवाय आणि एक तरी चांगला पाऊस त्या दिवसांत पडून गेल्याशिवाय केबल तोडू नका.

प्रश्न : पावसात छत्रीचे चित्र जातेच असे केबलवाला सांगतो, तर डिशवाला म्हणतो की ही जुनी गोष्ट झाली. खरे कोणाचे? – एक वाचक

उत्तर : दोघेही आपापला माल विकत आहेत. घरगुती छत्रीवर येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात व विखुरतात, त्यामुळे जोराच्या सरीत सिग्नल उतरणारच. पूर्वी अशा वेळी पडद्यावर मुंग्या येत आणि त्या मुंग्यांतूनही माणसे ओळखू येत असत. आता चित्र आधी चौकोनांत फुटते आणि मग एकदम बंद पडते, म्हणून बिघाड मोठा वाटतो. पण सर ओसरली की काही मिनिटांत चित्र परतले पाहिजे. रिमझिम पावसातही ते जात असेल आणि ऊन पडल्यावरही तासन्‌तास येत नसेल, तर दोष आभाळाचा नाही.

आमच्या घरी हाच प्रकार दोन पावसाळे चालला. शेवटी मीच शिडी लावून एलएनबीच्या टोकाचा कनेक्टर उघडला, तेव्हा आतून पाण्याचा थेंब हातावर पडला आणि तारेचा तांब्याचा गाभा हिरवट झालेला दिसला. बसवणाऱ्याने जोडावर रबरी टोपी चढवली नव्हती आणि तार सरळ वरून खाली आणून घरात घेतली होती. तारेला घरात शिरण्यापूर्वी खाली झोळासारखा बाक द्यावा म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. छत्रीची दिशाही एकदा तपासून घ्यावी, कारण एका अंशाची चूक त्या उंचीवर सहाशे किलोमीटरहून अधिक भरते. कोरड्या हवेत तेवढी चूक खपून जाते. पावसात ती उघडी पडते. मोठी छत्री घेतल्यास पावसासाठी थोडी शिल्लक हाताशी राहते, आणि हा खर्च मला व्यर्थ वाटत नाही.

प्रश्न : गेले चार दिवस आमच्या छत्रीचे चित्र रोज दुपारी साधारण त्याच वेळी पाच-सात मिनिटे जाते. आकाश निरभ्र असते. केबलवरून येऊन चूक केली काय? – एक वाचक

उत्तर : चूक केलेली नाही आणि तंत्रज्ञालाही बोलावू नका. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडून जातो. आठवड्याभरात हा प्रकार आपोआप थांबेल. केबलवाल्याच्या छत्र्यांनाही सूर्य असाच आडवा येतो; त्याच्या छत्र्या मोठ्या आणि त्यांची नजर अरुंद असल्यामुळे त्याचे चित्र आपल्यापेक्षा कमी वेळ जाते, एवढेच.