मिळाली तर जाशील?

पीएचडी झाली, दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या) झाले, वय चौतीस, आणि पक्की नोकरी अजून नाही. आणखी किती वर्षं वाट बघायची? की आत्ताच सोडून द्यायचं?

हा प्रश्न हिवाळ्यात माझ्याकडे हमखास येतो. पाषाण ते विद्यापीठ या पट्ट्यात एनसीएल, आयसर, आयुका, एनसीआरए अशा संशोधन संस्था आहेत, त्यामुळे औंधात समुपदेशन करणाऱ्या बाईकडे शास्त्रज्ञ मंडळी येणारच. विषय निरनिराळे, चिंता एकच. तरी खगोलशास्त्रवाल्यांचं दुखणं जरा वेगळं असतं, कारण त्यांची बिरादरी फार लहान. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे सभासद साऱ्या जगात मिळून बारा हजारांच्या थोडे वर. एखाद्या उपविषयात तर तोंडओळख नसलेला माणूस सापडणं कठीण. नोकरी कुणाला लागली हे चार दिवसांत सगळ्यांना कळतं, आणि कुणाला नाही लागली हेही.

त्यात त्यांच्या नोकऱ्यांना हंगाम असतो. परदेशातल्या जाहिराती ऑगस्ट-सप्टेंबरपासून पडायला लागतात, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकन खगोलशास्त्र संघाच्या यादीत. अर्जांच्या तारखा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दाटीवाटीने येतात; नासाच्या हबल फेलोशिपची साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. डिसेंबर-जानेवारीत निकाल. पुढे १५ फेब्रुवारी. त्या तारखेच्या आत पोस्टडॉकसाठी कुणालाही होकार-नकाराची सक्ती करू नये असा तिथला संकेत आहे. म्हणून त्या आठवड्यात साखळी हलते: यादीतल्या वरच्याने नाकारलं की खालच्याला निरोप. भारतातलं तंत्र निराळं. काही संस्था वर्षभर अर्ज घेतात, काही वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा जाहिरात काढतात, आणि निवड समिती बसेपर्यंत महिनोन्‌महिने काहीच कळत नाही असंही होतं.

अनघा माझ्याकडे आली ती अशाच एका जानेवारीत. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही. तिचा विषय रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिका. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. त्या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर अनघाची पीएचडी झाली. मग इटलीत ३ वर्षं, परत भारतात दुसरा पोस्टडॉक, त्याची मुदत संपायला सव्वा वर्ष. नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा चार वर्षांचा, सासर कोथरूडला, माहेर वसमतचं.

तक्रार झोपेची होती. रात्री अडीचला जाग येते, हात फोनकडे जातो. अडीचच का? कारण आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेतली ऑफिसं चालू असतात. निकालाची मेल आली तर याच वेळी येणार. ती बघायची, मग नवीन जाहिराती बघायच्या, मग कोणाची कुठे निवड झाली याच्या बातम्या. साडेचारला डोळा लागायचा आणि सहाला मुलाचा डबा.

आधी मी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. भूक, वजन, रडू येणं, जगू नये असं वाटणं. शेवटचं नव्हतं. असतं तर मी तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं होत असेल तर नोकरीचा विचार बाजूला ठेवून आधी तिकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या दोन भेटी घरच्यांबद्दलच गेल्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहणार आहे. गुरुत्वीय लहरी टिपायच्या, चार-चार किलोमीटर लांब दोन भुजांची वेधशाळा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. वसमतहून औंढा काही लांब नाही. तेव्हापासून वडील पेपरातल्या प्रत्येक बातमीचा फोटो काढून पाठवायचे आणि वर फोन: "औंढ्याला ते यंत्र येऊ लालंय म्हणं, तुझं बघ की तिथं." आपलं काम रेडिओ लहरींचं, त्यांचं गुरुत्वीय लहरींचं, हे ती किती वेळा सांगणार? सासूबाईंच्या भिशीतल्या बायका तर तिला मुहूर्त विचारायच्या. हे सांगताना ती हसायची, पण मला त्यात खरी गाठ दिसत नव्हती. घरच्यांचा तगादा सगळ्यांनाच असतो.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "रात्री जे बघतेस ते मला दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट, दोन हंगामांची. संस्था, देश, मुदतीची तारीख, शिफारसपत्रं गेली की नाही. अर्ज केलेल्या ओळी पिवळ्या, नकार आलेल्या लाल, उत्तरच न आलेल्या राखाडी. राखाडी सर्वांत जास्त. इतकी टापटीप की मला वाटलं, कामात चोख बाई आहे. मग तिने शीट उजवीकडे सरकवली. शेवटच्या रकान्याला मथळा होता ‘कोण’. ती जागा शेवटी कुणाला मिळाली, त्याची पीएचडी कोणत्या साली, पहिला लेखक म्हणून पेपर (शोधनिबंध) किती. एका ओळीत लिहिलं होतं: माझ्यानंतर २ वर्षांनी पीएचडी, ९ पेपर.

"हे कशासाठी?"

"कळायला नको का मॅडम, आपण कुठे कमी पडलो ते?"

"मग कळलं?"

ती बराच वेळ शीट वर-खाली करत राहिली. "नाही."

मी तिला जीएमआरटीच्या वेळेबद्दल विचारलं. या दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळवायला वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, जगभरातून येतात, समिती बघते, सगळ्यांना वेळ मिळत नाही. तुझा प्रस्ताव कधी परत आलाय? आलाय की, पुष्कळदा. तेव्हा काय करतेस? परीक्षकांचे शेरे वाचते, सुधारते, पुढच्या वेळी परत टाकते. अडीचला उठून कोणाला वेळ मिळाला ते बघतेस? ती हसली. आणि मग तिने मला बरोबर पकडलं: "पण तिथे शेरे येतात हो. इथे एक ओळ येते, तीही आली तर."

खरं होतं. शेरा आला नाही की माणूस स्वतःच शेरा लिहितो आणि तो नेहमी स्वतःच्या विरोधात लिहितो. तिने दोन वर्षं तेच केलं होतं, वर त्याला आकडेवारीचा पोशाख चढवला होता. एखाद्या गटाला रेडिओ लहरींच्या ध्रुवीकरणाचं काम येणारा माणूस हवा असतो, एखाद्याचं अनुदान ठरावीक प्रकल्पापुरतंच असतं, एखादी जागा पैसे आटले म्हणून भरलीच जात नाही. यातलं काहीच ‘कोण’च्या रकान्यात येत नाही. पुढे २०२५ मध्ये तर अमेरिकी सरकारने नासाच्या विज्ञानखर्चात जवळपास निम्मी कपात सुचवली आणि तिथल्या अनेक विद्यापीठांनी नवी भरती थांबवली. त्या हंगामात नकार आलेल्या पोरांनी स्वतःचे पेपर मोजत बसण्यात काय अर्थ होता? आणि उलट बाजू घ्या: भारताने स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियातल्या महाप्रकल्पासाठी १,२५० कोटी मंजूर केले, तेव्हा रेडिओवाल्यांसाठी दारं किलकिली झाली. तेही कुणाच्या हुशारीमुळे नाही.

हे मी तिला सांगितलं आणि तिला ते पटलं. पटलं म्हणून झोप लागली का? नाही लागली. नुसतं पटून कुणाची झोप परत आलेली मी पाहिलेली नाही.

म्हणून मी तिला एक काम दिलं. ‘कोण’चा रकाना काढून टाक, आणि संस्थेच्या नावाच्याही आधी नवा रकाना घाल: ‘मिळाली तर जाशील?’ हो किंवा नाही. जुन्या सगळ्या ओळी भरून आण. आत्ता तारीख गेलेली असली तरी.

पुढच्या भेटीत ती आली तेव्हा आधी बोललीच नाही, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. अर्ध्याहून जास्त ओळींत ‘नाही’. चिली: नाही, मुलाला घेऊन इतक्या लांब नको. अमेरिकेतली कुठलीशी एक वर्षाची जागा: नाही, एका वर्षासाठी घर कोण हलवणार. उत्तर भारतातली एक प्राध्यापकाची जागा: नाही, नवऱ्याला तिथे काम नाही. ज्या जागेच्या नकारावर ती डिसेंबरात दोन दिवस रडली होती तिच्यापुढेही ‘नाही’च होतं.

आता मला गाठ दिसली. ही मुलगी दिसेल ती जागा मागत सुटली होती. आपल्याला काय हवंय हे तिने ठरवलंच नव्हतं. ते ठरवायचं तर घरात बोलायला हवं, आणि घरात बोलणं अर्ज करण्यापेक्षा अवघड होतं. अर्ज निदान एकटीने रात्री करता येतो.

नवऱ्याला बोलावलं. भला माणूस. म्हणाला, "मी तिला कधी अडवलंच नाही. मी म्हणतो, तू ठरवशील ते." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ऐकलं की माझे कान टवकारतात. ‘तू ठरवशील ते’ ऐकायला मोकळं वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे सगळा निर्णय तिच्या एकटीच्या डोक्यावर येतो: कुठे जायचं, त्याची नोकरी सुटली तर त्याचा दोष कुणाकडे, मुलाची शाळा, सासूबाईंचा गुडघा. मी त्याला म्हटलं, "तिचं राहू दे. तुम्ही कुठे जाल?" तो गप्प. मग म्हणाला, नेदरलँड्स चालेल, तिथे मला काम मिळेल, दोन-तीन वर्षं. केप टाउन? विचार करीन. ऑस्ट्रेलिया? पर्थ असेल तर हो, कंपनीचं ऑफिस आहे. पुण्याबाहेर पण भारतात? बेंगळुरू हो, बाकी नाही. अनघा त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि हा नकाशा तिने पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवशी भांडणही झालं, माझ्यासमोरच. "हे आधी का नाही बोललास?" "तू विचारलंस कधी?" मी थांबवलं नाही. उशिरा झालेलं भांडण होतं, व्हायला हवंच होतं.

दोघांनी मिळून पुढच्या हंगामाची यादी केली. ती लहान झाली. ज्यांची मुदतच उलटून गेली होती तीही नावं निघाली. हबल फेलोशिप पीएचडी होऊन साधारण ३ वर्षांच्या आतल्यांसाठी असते, तरी अनघा दरवर्षी त्या फेलोशिपची यादी उघडून बघत होती. युरोपातली मेरी क्यूरी शिष्यवृत्ती राहिली, कारण तिला पीएचडीनंतर ८ वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो. फक्त ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आणि नेदरलँड्सबाबत ती अट आड येत नव्हती. तारीख सप्टेंबरची, म्हणजे उन्हाळ्यातच यजमान संशोधकाशी बोलायला हवं. यादी लहान झाल्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता: तिची शिफारसपत्रं सुधारली. तीन ज्येष्ठांना वर्षभर मुदती पाठवत राहण्याऐवजी तिने जुलैमध्येच प्रत्येकाला एकेक मेल लिहिली, कुठे अर्ज करतेय, का करतेय, आणि तुम्ही माझ्या कोणत्या कामाबद्दल लिहावं.

फोनचंही ठरलं. जाहिराती आठवड्यातून दोनदा, दिवसा, टेबलावर बसून. रात्री फोन नवऱ्याच्या उशाशी. पहिले काही दिवस तिला ते जमलं नाही. मग जमलं.

राहिला ‘सोडून द्यायचं का’ हा प्रश्न. याबाबत दोन प्रकारच्या लोकांचा मला राग येतो. एक, ‘जिद्द सोडू नकोस’ म्हणणारे, ज्यांना तिचं भाडं भरायचं नसतं. दुसरे, ‘डेटा सायन्समध्ये जा, पॅकेज बघ’ म्हणणारे, ज्यांनी तिला खोडदच्या डेटाबद्दल बोलताना पाहिलेलं नसतं. मी तिला एवढंच सुचवलं की सोडण्याआधी सोडलेल्या एका माणसाशी तासभर बोल. ती बोलली, तिच्याच जुन्या गटातल्या, आता एका बँकेत असलेल्या मित्राशी. परत येऊन म्हणाली, "तो खूश आहे. त्याला फक्त एकच गोष्ट आठवते, निरीक्षणाच्या रात्री. पगाराच्या दिवशी तेही आठवत नाही म्हणतो." तिने स्वतःसाठी तारीख घातली: पुढच्या हंगामाची १५ फेब्रुवारी. तोवर यादीतलं काही आलं नाही तर दुर्बिणींच्या सॉफ्टवेअरकडे वळायचं. रेडिओ निरीक्षणांतला मोबाइल-टीव्हीचा गोंगाट वेगळा काढून प्रतिमा तयार करणारे प्रोग्राम ती पीएचडीपासून लिहीत होती. त्या कामाला खगोलशास्त्रवाल्यांत शास्त्रज्ञाइतका मान नाही, हे तिला खुपत होतं. खुपू दे म्हटलं, खुपतंय हे माहीत असणं पुरेसं आहे.

मेरी क्यूरी मिळाली नाही. नेदरलँड्सच्या एका जागेसाठी मुलाखत झाली, प्रतीक्षायादीत नाव आलं, साखळी तिच्यापर्यंत पोचली नाही. फेब्रुवारीत तिने एका दुर्बीण प्रकल्पातली सॉफ्टवेअरची जागा घेतली. करार ३ वर्षांचा, मुक्काम पुण्यात. संशोधनाला आठवड्यातला एक दिवस मिळावा हे तिने रुजू होण्याआधीच लेखी मागून घेतलं. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पक्की हाय का?" ती म्हणाली, "नाही, बाबा." त्यांनी विचारलं, पगार किती. तिने सांगितला. "मग बरंय की," म्हणाले.