वाचकांचे प्रश्न: पश्चिमेचं ऊन, भिंतीची ओल आणि ओट्याची उंची

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं गणपतीच्या आधी घर नीट दिसावं म्हणून आलीयत आणि निम्मी उन्हाळ्यात झालेल्या हालांबद्दल आहेत, ऑक्टोबर हीटच्या आधी काहीतरी करायचंय अशी. सगळी छापता येत नाहीत, पण जी घेतलीयत त्यात बऱ्याच जणांचं उत्तर मिळेल असं वाटतं. आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, गोरेगावला आमचा वन बीएचके आहे, सातवा मजला, वरती अजून मजले आहेत. हॉल आणि बेडरूम दोन्ही पश्चिमेला. दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि रात्री बारापर्यंत खोली तापलेलीच. मिस्टर मूळचे नागपूरचे, ते म्हणतात मोठा कूलर आणू, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो फॉल्स सीलिंग करा गार राहील, आणि मला वाटतं सरळ दोन एसी लावावेत. बजेट दीड लाख. काय करू?

कूलर आधी बाद करा, मिस्टरांना वाईट वाटेल पण खरंच नका आणू. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, त्यात पाणी पटकन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून तिथे कूलरपुढे पांघरूण घ्यावं लागतं. मुंबईत हवाच आधीपासून ओली, आपला घाम जिथे सुकत नाही तिथे कूलरचं पाणी काय सुकणार. उलट खोलीत दमटपणा वाढतो आणि कपाटातल्या कपड्यांना वास येतो. वाळ्याच्या पडद्याचंही इकडे तेच.

फॉल्स सीलिंग टेरेसच्या खालच्या मजल्यावर थोडंफार कामाचं, कारण तिथे स्लॅब तापतो. तुमच्या वर मजले आहेत, तुमची उष्णता भिंतीतून आणि काचेतून येतेय, मग छताला पीओपी लावून त्या भिंतीला काय फरक पडणार? वर नऊ फुटांची खोली साडेआठची होणार, पंखा अजून खाली येणार. हे पैसे वाचवा.

आता ऊन. एकदा ऊन काचेतून आत आलं की मग पडदा कितीही जाड असो, उष्णता घरात आलेलीच असते, पडदा तापतो आणि तो खोली तापवतो. म्हणून ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बाल्कनी असेल तर बाहेरच्या कडेला बांबूची चिक, दुपारी दोनला खाली सोडायची, सहाला वर. नुसती खिडकी असेल तर वरचा छज्जा किती बाहेर आहे ते बघा, पश्चिमेचं ऊन तिरकं, खालच्या कोनातून येतं त्यामुळे छज्ज्याने फार होत नाही, ग्रीलच्या आतल्या बाजूला चिक किंवा जाळीचं शेडनेट बसतं का बघा. बाहेरून काही लावायचं तर सोसायटीला लेखी विचारा, एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, बदललं म्हणून नंतर काढायला लावतात. बाहेर काहीच जमत नसेल तर मग आतून फिकट रंगाचा, मागे पांढरं अस्तर असलेला पडदा, मंगलदास मार्केटमधून कापड घेऊन शिवून घेतलात तर रेडिमेडपेक्षा चांगला पडतो. गडद रंगाचा नको, मासिकातल्या फोटोत कितीही छान दिसला तरी.

पण खिडकी पूर्ण बंद करून बसू नका हं. मुंबईत दुपारचा समुद्रावरचा वारा पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे तुमची जी खिडकी चटका देते तीच वाराही देते. तुमच्याकडे स्लायडिंग असणार, दोन ट्रॅकची स्लायडिंग कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, आपण मात्र हवा येत नाही म्हणून बिल्डिंगला शिव्या देतो. बाहेर किंवा आत उघडणारी फळी करून घेतलीत तर तेवढ्याच भोकातून दुप्पट वारा. आणि आलेला वारा बाहेर जायला वाट हवी, मुख्य दाराला जाळीचा सेफ्टी डोअर लावा, संध्याकाळी तो बंद आणि आतलं लाकडी दार उघडं, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, मग बघा हॉलमध्ये कॅलेंडर हलतं की नाही.

पंखे बदला. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० ते ३५ वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला अंदाजे १८ युनिट वाचतात. हे सगळं करून उरलेल्या पैशात बेडरूमला एकच एसी घ्या, चांगल्या स्टारचा. जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाले रूम एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू होतात, तो १८ वर नेऊ नका, २५-२६ वर ठेवून पंखा चालवा, अंगाला तेवढंच गार लागतं. हॉलचा एसी एक उन्हाळा थांबा, कदाचित लागणारच नाही.

भांडुपला आमची पस्तीस वर्षं जुनी बिल्डिंग आहे. हॉलच्या भिंतीला ओल येऊन पोपडे धरलेत. याच भिंतीशी दरवर्षी गणपती बसतो. पाहुणे येणार म्हणून पीव्हीसी पॅनल किंवा वॉलपेपर लावून टाकावं म्हणतोय. पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ पेंट मारतो, दोन दिवसांत काम होईल.

नका लावू, अगदी हात जोडून सांगते. पॅनलच्या मागे ओल थांबत नाही, दिसत नाही एवढंच. तिथे काळी बुरशी धरते, आणि घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांचं खोकणं का थांबत नाही ते कुणाला कळतही नाही. वॉटरप्रूफ पेंट आतून मारला तर पाणी भिंतीतच अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात प्लास्टरसकट फुगतं. त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर आजच इलेक्ट्रिशियनला दाखवा, ते गणपतीनंतर नको.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. फक्त पावसाळ्यात ओल येते आणि मार्चपर्यंत सुकते, म्हणजे बाहेरच्या भिंतीला भेग आहे किंवा खिडकीच्या चौकटीतून पाणी शिरतंय. बाराही महिने ओली असते तर पलीकडे कुणाचं बाथरूम नाहीतर पाइप आहे. घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा घ्या, भिंत पुसून तो चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतलाच दमटपणा भिंतीवर बसतोय, मग घरात कपडे वाळवणं आणि बंद खिडक्या हे कारण. बाथरूमचा संशय असेल तर तिथली पाणी जायची वाट बंद करून रंगीत पाणी साठवून ठेवतात आणि तो रंग कुठे निघतो ते बघतात, शेजाऱ्यांशी गोड बोलून करून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या भिंती, गच्ची, कॉमन पाइप हे सोसायटीचं काम आहे, आणि फ्लॅटमधल्या बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाची. तुमच्या खिशातून आतली भिंत रंगवत बसण्याआधी कमिटीला फोटोसकट लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. शिवाय महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षं पुढे गेलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावं लागतं, तुमच्याकडे झालंय का ते विचारा. कॉलमच्या कडेने उभ्या भेगा आणि गंजाचे तांबडे डाग दिसत असतील तर पेंटर नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवायचा.

गणपतीचं काय, तर सुटलेले पोपडे खरवडून भिंत मोकळी ठेवा आणि मखर भिंतीपासून वीतभर पुढे, स्वतःच्या फ्रेमवर उभं करा. मागे आईची किंवा आजीची जुनी काठापदराची साडी चुण्या घालून सोडली तर पॅनलपेक्षा कितीतरी सुंदर दिसतं आणि भिंतीलाही हवा लागते. बाहेरून दुरुस्ती झाली की मग दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर प्लास्टर आणि रंग.

सासूबाईंचं वय ७८. मुलुंडला नवीन टॉवरमध्ये दोन वर्षांपूर्वी राहायला आलो. बाथरूमची टाइल गुळगुळीत चकचकीत आहे, त्या एकदा घसरल्या, सुदैवाने लागलं नाही. सगळं फोडून नवीन करायचा विचार आहे.

बदल करायलाच हवा पण फोडू नका. घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, कळवल्यापासून तीस दिवसांत. तुम्ही बाथरूमची जमीन फोडलीत की खालचं वॉटरप्रूफिंग तुटणार, मग उद्या खालच्या घरात गळलं तर बिल्डर तुमच्याकडेच बोट दाखवणार.

आहे त्या टाइलवर घसरू न देणारं अँटी-स्किड कोटिंग करून मिळतं, ते करा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली स्टीलचे ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचे दांडे, बसवा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, पण आधी सासूबाईंना तिथे उभं करून त्यांचा हात सहज कुठे जातो ते बघून खूण करा. टॉवेल रॉडला धरून उठायची सवय असते सगळ्यांना, तो रॉड वजन घेत नाही, उपटून येतो. बार भरीव भिंतीतच अँकरने ठोकायचा आणि भोकाभोवती सिलिकॉन भरायचं. दाराची कडी बाहेरून उघडता येणारी घ्या, आणि दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या, कारण आत पडलेलं माणूस दाराला टेकलं तर दार ढकलताच येत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री छोटा सेन्सरवाला दिवा. पांढऱ्या भिंतीवर पांढराच बार अशी फॅशन इथे नको, बार भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा असला की कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही लगेच सापडतो. हे सासूबाईंना विचारून करा मात्र, त्यांचं बाथरूम आहे.

बोरिवली. किचन नवीन करतोय. डिझायनरने पांढऱ्या मार्बलचा ओटा आणि ३६ इंच उंची सुचवलीय. माझी उंची पाच फूट. कार्पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ प्लाय वापरतो. चिमणीही घ्यायचीय, घरी पापलेट तळलं जातं.

३६ इंच तुम्हाला उंच पडेल, खांदे भरून येतील. चप्पल घालून स्वयंपाक करत असाल तर चप्पल घालून उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा. तुमच्यासाठी ३२-३३ इंच येईल. पांढरा मार्बल नका घेऊ, कोकम, लिंबू, चिंच सांडली की आम्लाने दगडच खाल्ला जातो, पुसून जात नाही. काळा ग्रॅनाइट घ्या, त्यावर तांदळाच्या पिठाची भाकरीसुद्धा थापता येते.

प्लायबद्दल "वॉटरप्रूफ" हा शब्द ऐकून थांबू नका, प्लायच्या फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणारा मरीन ग्रेड. आयएस ३०३ मधला एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा ग्रेड बेडरूमच्या कपाटाला ठीक, सिंकखाली नाही. खरं म्हणजे सिंकखाली प्लाय नकोच, आपल्या आयांच्या ओट्याखाली कडप्पा असायचा तो आजही चाळीस वर्षं तसाच आहे, वाळवी नाही काही नाही, समोर फक्त शटर लावा. चिमणी घ्याल तर पाइप बाहेर नेणारीच. बिनापाइपची चिमणी वास थोडा धरते पण उष्णता आणि वाफ घरातच सोडते, आणि तुमच्याकडे पापलेट तळलं जातं असं तुम्हीच लिहिलंय.

मी गिरगावातल्या चाळीत राहतो, लाकडी तुळया आहेत, मजला दुसरा. जमिनीला जुन्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत. मुलगा म्हणतो वरून व्हिट्रिफाइड टाइल बसवू.

काका, मुलाला हा हिशेब दाखवा. शंभर चौरस फुटांच्या खोलीत दोन इंच सिमेंट-रेतीचा थर टाकला तर जवळपास टनभर वजन होतं, आणि ते त्या लाकडी तुळयांवर कायमचं. केमिकलने टाइलवर टाइल चिकटवली तरी दोनशे किलोच्या वर. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर मालकाला आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला विचारल्याशिवाय काहीच नको. त्या लाद्या हल्ली पैसे देऊन मिळत नाहीत, त्या वाचवा. हलकं पॉलिश करून घ्या, फार घासू नका कारण नक्षीचा रंगीत थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, आणि कमी पाण्यात करायला सांगा नाहीतर खालच्यांच्या छतातून ते पाणी उतरेल. अॅसिड अजिबात लावू नका.

परळला भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट. खिळा मारायला मनाई. घर ऑफिससारखं वाटतं.

सगळे पांढरेफटक बल्ब असणार, ६५०० के लिहिलेले (के म्हणजे केल्विन, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). झोपायच्या आणि बसायच्या खोलीत ३००० केचे पिवळसर घ्या, स्वयंपाकघरात ४००० के. मग छताचा एकच दिवा लावायची सवय सोडून कोपऱ्यात एक उभा लॅम्प, पलंगाशी एक छोटा, लोहार चाळीच्या दिव्यांच्या बाजारात एक फेरी मारली तर दोन्ही मिळतील. गालिचा पावसाळ्यात घेऊ नका, कुबट वास येतो, सुती सतरंजी घ्या, धुता येते. पडद्यासाठी दोन्ही बाजूंनी ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, त्याला खिळा लागत नाही. घरमालकाचे जुने बल्ब एका डब्यात जपून ठेवा, घर सोडताना ते परत लावा आणि तुमचे घेऊन जा.