लाइट गेली अन् डिस्क हरवली

प्रश्न : दादा नमस्कार, मी नागपुरात महाल भागात राहतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामेभावाने अमेरिकेहून येताना स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर) आणला, ६४ जीबीवाला, आतली जागा दोन गेम्समध्येच संपली म्हणून मी जुन्या लॅपटॉपची एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये टाकली आणि तिच्यावर उबुंटू हे लिनक्स इन्स्टॉल केलं. पहिले काही दिवस मस्त चाललं. आता काय होऊन राहिलं की मेनू येतो, उबुंटू निवडतो, मग काळ्या स्क्रीनवर यूयूआयडी (डिस्कचा ओळख नंबर) सापडत नाही, ड्रॉपिंग टू अ शेल असं येतं आणि तिथेच बसतं. कधी चौथ्या-पाचव्या वेळी आपोआप चालू पण होते. डिस्क, कीबोर्ड, चार्जर सगळं एकाच हबमध्ये लावलंय. मित्र म्हणते एसएसडी मेली, फेकून दे. डिस्क समोर दिसते, लाइट पण लुकलुकते, मग डेकला सापडत काऊन नाही?

उत्तर : फेकू नको रे बाप्पा! मित्राला एकच गोष्ट विचार, तो काळा स्क्रीन आला कुठून? तो मेसेज देणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्यासोबतचं इनिट्रॅमएफएस, म्हणजे सुरुवातीपुरती छोटी सिस्टिम, ह्या दोन्ही फायली त्याच एसएसडीवरून वाचल्या गेल्यात. मेलेल्या डिस्कने त्या दिल्या असत्या का?

इथे गंमत अशी आहे की तुझी डिस्क दोनदा शोधली जाते. पहिल्यांदा डेकचं फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेला प्रोग्राम) शोधते, त्याचा स्वतःचा छोटासा यूएसबी ड्रायव्हर असतो, तो बूटलोडर वाचतो, बूटलोडर कर्नल मेमरीत आणून टाकतो. पण एकदा कर्नल जागा झाला की तो फर्मवेअरचं काही म्हणजे काही मानत नाही, सगळा यूएसबी कारभार नव्याने सुरू करतो, आधी पोर्ट, मग पोर्टला हब दिसला की हब, मग हबच्या मागे काय काय आहे ते एकेक. तेवढ्या वेळात तुझी एसएसडी कर्नलच्या लेखी नाहीच. आणि नेमका तेव्हाच तो रूट फाइल सिस्टिम, म्हणजे जिच्यात आख्खं उबुंटू आहे तो भाग, शोधत असतो. उबुंटू साधारण ३० सेकंद वाट पाहते आणि मग हात टेकून शेल देते, म्हणजे नुसती कमांड टाइप करायची जागा.

म्हणून पुढच्या वेळी शेल आला की घाबरून पॉवर बटण दाबू नको. थांब थोडं, मग बीएलकेआयडी (blkid) ही कमांड टाइप कर. यादीत तुझी डिस्क दिसली तर ती फक्त उशिरा आली एवढंच, एक्झिट टाइप करून एंटर मार, बहुतेक वेळा गाडी तिथूनच पुढे जाते. मग आत गेल्यावर ग्रबच्या, म्हणजे उबुंटूच्या बूटलोडरच्या, सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीला रूटडिले ६० (rootdelay=60) जोडायचं, म्हणजे तो ६० सेकंद थांबेल, आणि अपडेट-ग्रब (update-grub) चालवायचं. १० वगैरे टाकून काही फायदा नाही, ३० सेकंद तर तो तसाही थांबतो. पण यादीत डिस्क आलीच नाही तर वाट पाहून उपयोग नाही, मग भानगड करंटची, केबलची नाहीतर केसच्या आतल्या चिपची.

आणि मला विचारशील तर माझा संशय हबवर आहे, कारण तूच लिहिलंय की सगळं एकात लावलंय. यूएसबी ३ च्या पोर्टमधून हिशेबाने ५ व्होल्टवर ९०० मिलीअँपिअर, त्यातच हबची चिप, कीबोर्ड आणि एसएसडी. त्यात भर म्हणजे चार्जर. चार्जर लागला किंवा निघाला की डेक आणि हब आपसात नव्याने ठरवतात की करंट कोण देणार आणि कोण घेणार, आणि बऱ्याच स्वस्त हबमध्ये ह्या ठरवाठरवीत मागचे पोर्ट क्षणभर बंद पडतात. पेनड्राइव्हवर फोटो पाहून राहिला असशील तर काही बिघडत नाही, परत येते. पण जिच्यावर आख्खी सिस्टिम उभी आहे ती डिस्क एक सेकंद जरी गायब झाली तरी खेळ खल्लास, परत आली तरी ती दुसऱ्या नावाने येते आणि चालू असलेलं लिनक्स तिला ओळखत नाही.

हे मी कुठून शिकलो सांगू? मागच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता, कूलर सुरू, मी असाच बाहेरच्या डिस्कवरून डेक चालवत एक मोठं अपडेट मारत बसलो होतो आणि लाइट गेली. माझ्या मनात आलं काय फरक पडते, डेकला स्वतःची बॅटरी आहे. माउस हलत होता, घड्याळ चालू होतं, पण ज्या आयकॉनवर क्लिक करावं तिथे इनपुट आउटपुट एरर. चार्जर मेला तसा हबने एक उचकी घेतली होती बस. नंतर दोन तास एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून, अर्धवट पॅकेजेस निस्तरून सिस्टिम उभी केली, घामाने टीशर्ट ओला तो वेगळाच. तेव्हापासून माझा चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतो.

तर आधी ही टेस्ट कर. डेक पूर्ण चार्ज कर, हब बाजूला ठेव, एसएसडी चांगल्या, आखूड केबलने थेट डेकच्या पोर्टमध्ये लाव आणि दहा वेळा बूट कर. कीबोर्ड लागणार नाही, ग्रबच्या मेनूत डी-पॅड बाणांचं आणि ए बटण एंटरचं काम करते. दहाच्या दहा वेळा चालू झालं तर गुन्हेगार हब, नवा घे, आणि घेताना स्वस्तातला घेऊ नको. थेट लावूनही अटकत असेल तर केसची चिप. काही चिपांना यूएएस नावाची फास्ट पद्धत झेपत नाही, मग एलएसयूएसबी (lsusb) कमांडमध्ये तिचा नंबर पाहून कर्नलच्या ओळीत यूएसबी-स्टोरेज-क्वर्क्समध्ये (usb-storage.quirks) तो नंबर आणि शेवटी यू लिहून ती पद्धत बंद करायची. स्पीड थोडा पडतो पण डिस्क टिकून राहते. आणि हो, बाहेरून बूट केलं असेल तेव्हा डेकला झोपवायचं नाही, सरळ शटडाउन, कारण झोपेत पोर्टचं करंट गेलं तर जागं होताना तीच कहाणी.

प्रश्न : माझा मुलगा त्याच्या डेकवर बाहेरच्या डिस्कवरून दुसरं लिनक्स चालवतो म्हणतो. आतलं सगळं उडणार तर नाही ना? महागाची वस्तू आहे. (धरमपेठ)

उत्तर : ताई, नुसतं बाहेरून चालवल्याने आतलं काहीच उडत नाही. डेक बंद असताना व्हॉल्यूम डाउन दाबून ठेवून पॉवर दाबायचं, आवाज आला की सोडायचं, मेनू येतो, त्यात यूएसबी निवडायची. ती काढली की पुढच्या वेळी आपोआप आतलं स्टीमओएस (डेकची मूळ सिस्टिम) चालू.

धोका इन्स्टॉल करतानाच असतो. मी एकदा डिस्क बरोबर निवडली, पार्टिशन बरोबर निवडलं, आणि तरी इन्स्टॉलरने बूटलोडर मात्र गुपचूप आतल्या डिस्कच्या ईएफआय (बूटच्या फायलींच्या) पार्टिशनवर नेऊन ठेवला! म्हणजे सिस्टिम बाहेर आणि तिची चावी आत. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर चालूच होईना, कारण फर्मवेअर नव्या यूएसबीवर फॅट३२ पार्टिशनमध्ये ईएफआय, त्याच्या आत बूट, आणि त्याच्या आत बूटएक्स६४ नावाची फाइल शोधते, आणि तिथे तर काहीच नव्हतं. म्हणून मुलाला सांगा की इन्स्टॉल डेकवर करूच नको, घरच्या कॉम्प्युटरवर कर, आणि तेही आतली डिस्क काढून ठेवून. आणि डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या साइटवरून स्टीमओएसची रिकव्हरी इमेज एका पेनड्राइव्हवर आधीच बनवून कपाटात ठेवायला लावा, पोट्टे हे काम नेहमी सगळं बिघडल्यावर करतात.

प्रश्न : एसडी कार्डवरून बूट केलं तर चालेल का? आणि मेनू आडवा काऊन दिसते?

उत्तर : चालते, पण डेकचा कार्ड स्लॉट यूएचएस-१ आहे, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास त्याची हद्द, आणि छोट्या छोट्या फायली लिहिताना तर कार्ड फारच रडते. सीताबर्डीच्या फुटपाथवर ५१२ जीबीचं कार्ड कवडीमोल भावात मिळालं असेल तर आधी एफ३ नावाच्या प्रोग्रामने ते पूर्ण भरून वाचून पाहा, आत ३२ जीबीच निघण्याची शक्यता आहे. मेनू आडवा दिसते कारण एलसीडी डेकचं पॅनेल मुळात फोनसारखं उभं आहे, ८०० बाय १२८०. कर्नलच्या ओळीत एफबीकॉन रोटेट १ (fbcon=rotate:1) टाकलं की निदान बूटचे मेसेज सरळ होतात, त्याआधीच्या मेनूसाठी मान वाकडी करा.