कॅम्पर व्हॅनच्या सिंकला घरचा साधा नळ बसेल का?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत जुनी कॅम्पर (आत राहायची सोय असलेली व्हॅन) घेतली, सिंकचा नळ बुडाशी गळतोय, कधी कधी उघडला तरी पंप सुरू होत नाही, आणि बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात) एक छान नळ स्वस्तात दिसलाय, तो बसवू का? जरा थांबा. हा पराक्रम मी करून बसलोय.

आमची गाडी फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली. एका रविवारी सकाळी सिंकखालच्या कपाटात मुंडकं घालून तासभर घाम गाळला, घरचा नळ बसवला, दांडी उचलली. थेंब नाही. बायकोने टॉर्च मारून विचारलं, "या दोन वायरी कुठल्या राहिल्या?"

सगळी गोम त्या वायरींतच आहे. बऱ्याच कॅम्परमध्ये पाण्याच्या टाकीत १२ व्होल्टचा छोटा पंप बुडवून ठेवलेला असतो आणि त्याचं बटण नळाच्या पोटात असतं. दांडी उचलली की आतला मायक्रोस्विच जुळतो आणि पंप फिरतो. घरच्या नळाला हे पोट नसतं. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून सोमवारपर्यंत भांडी घासताना एकाने नळ उघडायचा आणि दुसऱ्याने खाली वाकून वायरी एकमेकींना टेकवायच्या, असा संसार चालला.

काही गाड्यांत मात्र प्रेशर पंप असतो. मेन स्विच लावला की तो थोडा वेळ गुरगुरतो, नळीत दाब भरला की आपोआप गप्प होतो. तसा असेल तर घरचा नळ चालतो. (अशा गाडीत नळ बंद असताना रात्री पंप मध्येच गुरगुरला, तर बहुतेक कुठेतरी गळतंय.) तुमचा पंप दांडी उचलल्यावरच वाजत असेल, तर मायक्रोस्विचवालाच नळ घ्या.

पंप दगा देतो तेव्हा नळाकडच्या दोन्ही वायरी सोडवून क्षणभर जोडून बघा, टाकीत पाणी असताना. पंप फिरला तर तो ठणठणीत आहे, दोष स्विचचा. काही नळांत नुसता स्विच बदलता येतो. पण तुमचा नळ गळतोयही, म्हणजे कदाचित हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठून प्लास्टिक तडकलं असेल. तो अख्खाच बदला.

खरेदीआधी जुना काढून सिंकचं भोक मोजा. २७, ३३, ३९ मिलिमीटर अशी वेगवेगळी मापं असतात. सिंकवर काचेचं झाकण असेल तर नळ दुमडणारा हवा, नाहीतर झाकण लागणारच नाही. मी दुसऱ्या खेपेला नेमकं हेच विसरलो होतो.

काढताना आधी पंपाचा स्विच बंद, मग टाकी आणि बॉयलर रिकामे. नळ्यांवर गरम-थंडच्या खुणा करून ठेवा. जुनी नळी नळाच्या टोकाला घट्ट चिकटलेली असते. ओढलीत तर प्लास्टिकचं टोकच मोडेल. हेअर ड्रायरने गरम करा, नाहीतर उभी चीर देऊन सोलून काढा आणि खराब झालेला तुकडा कापून टाका. बसवताना नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की सहज चढतं. क्लॅम्प (नळी आवळून धरणारी कडी) मात्र आधी नळीत ओवून घ्या. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण मी दोनदा चुकलोय. नळाला सिंकखालून धरणारी चकती हातानेच आवळा, पान्ह्याचा जोर लावलात तर सिंकचा पातळ पत्रा वाकतो.

शेवटी जोडांखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून दहा मिनिटं पाणी सोडा. मग एक लांब चक्कर मारून या आणि टिश्यू पुन्हा बघा, कारण उभ्या गाडीत न गळणारा क्लॅम्प हादऱ्यांनी सैल पडतो आणि खालचं प्लायवूड फुगलं की ते परत बसत नाही.